नेत्र ओपीडीतल्या चिठ्ठ्यांची तपासणी कशी करावी

डोळ्यांच्या विभागात कोणती औषधं किती आणि कशी लिहिली जातात, ही पाहणी बहुधा फार्माकॉलॉजीचे पदव्युत्तर विद्यार्थी, नेत्रविभागातले निवासी डॉक्टर किंवा रुग्णालयातले फार्मासिस्ट करतात. साचा ठरलेला असतो: जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली दिलेले पाच निर्देशक घ्यायचे, सहाशे चिठ्ठ्या जमवायच्या, टक्केवारी काढायची आणि प्रबंधाला जोडायची. हे निर्देशक सर्वसाधारण ओपीडीसाठी बेतलेले आहेत. डोळ्यांच्या ओपीडीला ते तसेच लावले तर आकडेमोड बरोबर येते आणि निष्कर्ष मात्र चुकतो. डोळ्यांची औषधं रोगनिदानासोबत, डोळ्यागणिक आणि थेंबागणिक मोजावी लागतात. ते कसं करायचं, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

आधी नियम लिहून ठेवा

पाच निर्देशक असे: दर भेटीमागे सरासरी औषधं, जेनेरिक नावाने लिहिलेल्या औषधांचं प्रमाण, अँटिबायोटिक असलेल्या भेटींचं प्रमाण, इंजेक्शन असलेल्या भेटींचं प्रमाण आणि आवश्यक औषध यादीतल्या औषधांचं प्रमाण. यांत छेद दोन प्रकारचे आहेत, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. जेनेरिक आणि आवश्यक यादी यांना छेद म्हणून लिहिलेल्या एकूण औषधांची संख्या घ्यायची. अँटिबायोटिक आणि इंजेक्शन यांना छेद म्हणून भेटींची संख्या घ्यायची. समजा ६०० भेटींत १,२६० औषधं लिहिली, तर सरासरी २.१. त्यातल्या २१० भेटींत अँटिबायोटिक असेल तर प्रमाण ३५ टक्के. हेच २१० चुकून १,२६० ने भागले की १६.७ टक्के येतात आणि विभाग एकदम आदर्श दिसू लागतो.

‘एक औषध’ कशाला म्हणायचं हे पहिल्या दिवशीच ठरवा. मिश्रणाची बाटली म्हणजे एक औषध. त्याच औषधाचे दिवसा थेंब आणि रात्री मलम असेल तर उत्पादनं दोन, पण अँटिबायोटिकची भेट एकच. कृत्रिम अश्रू, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पापण्या पुसायचे वाइप्स यांपैकी काय धरायचं आणि काय नाही, तेही लिहून ठेवा. बाहुली मोठी करायला ओपीडीतच घातलेले ट्रॉपिकामाइड-फिनाइलेफ्रिनचे थेंब चिठ्ठीत धरू नका. त्यांची वेगळी नोंद ठेवा, नाहीतर प्रत्येक तपासणीमागे एक औषध फुकट वाढतं. इंजेक्शनचंही तसंच. रेटिना (डोळ्यातला पडदा) क्लिनिकमध्ये डोळ्याच्या आत देतात ती इंजेक्शनं शस्त्रक्रियागृहाच्या नोंदीत असतात, ओपीडीच्या चिठ्ठीत नसतात. दोन्ही एकत्र केल्याने कुठलाच प्रश्न सुटत नाही.

एटीसी वर्गीकरण (औषधांना संकेतांक देऊन गट पाडणारी जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत) वापरत असाल तर दोन खड्डे आधीच माहीत असू द्या. नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध, पण त्याचा संकेतांक एस०१एए१० आहे, म्हणजे ते अँटिबायोटिकच्या गटात बसतं. संगणकाला ‘एस०१एए मोज’ असं सांगितलं की बुबुळाच्या बुरशीजन्य व्रणाचे सगळे रुग्ण अँटिबायोटिकच्या हिशोबात जातात. उलट अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड यांच्या मिश्रणाचे थेंब एस०१सीए या गटात आहेत. नुसता एस०१ए मोजला तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेलं बरंचसं अँटिबायोटिक गळून जातं. फ्लुरोक्विनोलोन (मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक) थेंबांसाठी एस०१एई वेगळा आहे. म्हणून गटावर विसंबू नका. प्रत्येक औषधासमोर ‘जिवाणूविरोधी घटक आहे किंवा नाही’ असा स्वतंत्र रकाना ठेवा.

चिठ्ठ्या कुठून आणि किती

अनेक केंद्रांचं मिळून चित्र काढायचं असेल तर किमान ६०० भेटी, आणि एकाच रुग्णालयाचं किंवा एकाच डॉक्टरचं चित्र काढायचं असेल तर किमान १०० भेटी, असा संघटनेचा सल्ला आहे. १०० भेटींत ५० टक्के हा आकडा आला तर तो साधारण १० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. ६०० भेटींत ४ टक्क्यांनी. एका रुग्णालयासाठीही ६०० घ्याव्यात असं आम्ही म्हणतो, कारण पुढे रोगनिदानाप्रमाणे गट पाडायचे आहेत. १०० चिठ्ठ्यांचे सात गट केले की काचबिंदूच्या वाट्याला आठ-दहाच उरतात.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत ओपीडीचा केसपेपर रुग्णाबरोबर घरी जातो. मागच्या वर्षाचे कागद काढून बसू म्हटलं तर कागदच नसतात. रजिस्टरमध्ये नाव, वय आणि फार तर निदान असतं. म्हणजे चिठ्ठी लिहिली गेली की तिथल्या तिथेच टिपावी लागते. उभं राहण्याची जागा फार विचारपूर्वक निवडा. औषध खिडकीपाशी उभे राहिलात तर ज्यांना औषधच लिहिलं नाही ते तिथे येणारच नाहीत: चाळिशीचा चष्मा लागलेले, मधुमेहामुळे वर्षाची डोळ्यांची तपासणी करून गेलेले, ‘मोतीबिंदू अजून कच्चा आहे, सहा महिन्यांनी या’ असं सांगून परत पाठवलेले. हे शून्य-औषध रुग्ण सुटले की सरासरी फुगते. त्यामुळे पहिली नोंद तपासणी खोलीच्या दारात करा आणि दुसरी औषध खिडकीनंतर. पहिल्या नोंदीत ‘काय लिहिलं’, दुसरीत ‘काय मिळालं’. या दोहोंमधलं अंतर हीसुद्धा रुग्णालयाला हवी असलेली माहिती आहे. लिहिलेल्या औषधांपैकी प्रत्यक्ष किती दिली गेली, हा संघटनेच्याच रुग्णसेवेच्या वेगळ्या निर्देशकांपैकी एक आहेच.

दिवस वर्षभर पसरून घ्या. महिन्यातले दोन दिवस, दर दिवशी २५ भेटी, बारा महिन्यांत ६०० झाल्या. दर महिन्याला आठवड्याचा वार बदला, कारण काचबिंदू किंवा रेटिना क्लिनिकचा वार ठरलेला असतो आणि तोच वार सतत आला तर सगळी पाहणी त्या क्लिनिकचीच होते. दिवसाला शंभर रुग्ण असतील तर दर चौथा रुग्ण घ्या. सुरुवात १ ते ४ मधल्या कोणत्या आकड्यापासून करायची हे चिठ्ठी टाकून ठरवा. वर्षभर का, हे समजायला २०२३ चा पावसाळा आठवून पाहा. जुलैत आळंदीपासून महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती. त्या दोन महिन्यांत घेतलेल्या नमुन्यात अँटिबायोटिकचं प्रमाण काहीच्या काही आलं असतं आणि ते विभागाच्या सवयीपेक्षा साथीविषयी जास्त बोललं असतं.

कामाला हात घालण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या. रुग्णाची ओळख कुठेच नोंदवणार नसाल तर संमतीपत्रातून सूट मागता येते. पण ती समितीने द्यायची असते, आपण गृहीत धरायची नाही. मोबाइलवर केसपेपरचा फोटो घेणार असाल तर वरच्या नाव-पत्त्याच्या पट्टीवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवूनच घ्या. नाव नंतर खोडू म्हटलेले फोटो तसेच राहून जातात.

आणि डॉक्टरांना आधी सांगायचं का? विभागप्रमुखांना सांगावंच लागतं, आणि बातमी दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. पहिले काही दिवस चिठ्ठ्या सुवाच्य, मोठ्या अक्षरांत आणि जेनेरिक नावांनी येतात. म्हणून पहिल्या ३० चिठ्ठ्या चाचणीच्या धरा आणि हिशोबात घेऊ नका. फॉर्ममधल्या चुकाही त्याच ३० मध्ये सापडतात.

दोन तक्ते करा

एका रुग्णाची एकच आडवी ओळ आणि पुढे ‘औषध १, औषध २, औषध ३’ असे रकाने ही सगळ्यांची पहिली मांडणी असते, आणि ती नंतर रडवते. जेनेरिक किती हे मोजायला सहा रकान्यांत सहा वेळा शोधावं लागतं. त्याऐवजी दोन पानं करा. पहिल्या पानावर दर भेटीची एक ओळ: क्रमांक, महिना, वय, लिंग, नवीन का फेरतपासणी, निदान, कोणता डोळा, शस्त्रक्रिया झाली असल्यास किती दिवस झाले, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, सल्फाची अ‍ॅलर्जी. दुसऱ्या पानावर दर औषधाची एक ओळ, आणि भेटीचा क्रमांक हा दोन्ही पानांना जोडणारा दुवा. तिथे रकाने असे: चिठ्ठीत लिहिलं तसं नाव, जेनेरिक नाव, तीव्रता, रूप, कोणता डोळा, एका वेळी किती थेंब, दिवसातून किती वेळा, किती दिवस, मिश्रण आहे का, जिवाणूविरोधी घटक आहे का, स्टिरॉइड आहे का, आवश्यक यादीत आहे का, मिळालं का.

आवश्यक यादी कोणती धरली ते नोंदवा. राष्ट्रीय यादी २०२२ ची आहे, त्यात ३८४ औषधं आहेत. राज्याची किंवा रुग्णालयाची यादी वेगळी असू शकते. नाव जुळलं म्हणून औषध यादीत आहे असं होत नाही. रूप आणि तीव्रता दोन्ही जुळली पाहिजेत. एखाद्या औषधाची गोळी यादीत असते आणि थेंब नसतात.

‘कोणता डोळा’ हा रकाना रिकामा दिसला तर आपल्या मनाने भरू नका. ‘लिहिलेलं नाही’ अशीच नोंद करा. चिठ्ठीत ‘ओडी’ असं लिहिलेलं असेल तर लाल खूण करा. डोळ्यांच्या डॉक्टरला ओडी म्हणजे उजवा डोळा, फार्मासिस्टला ओडी म्हणजे दिवसातून एकदा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मध्ये रुग्ण चुकतो.

एक चिठ्ठी जवळून

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दिलेली नमुन्याची चिठ्ठी घेऊ. मॉक्सिफ्लॉक्सासिन-प्रेडनिसोलोन थेंब, दिवसातून ६ वेळा, दर आठवड्याला एक वेळ कमी. नेपाफेनॅक थेंब (सूज कमी करणारे), ३ वेळा. सीएमसी थेंब (कृत्रिम अश्रू), ४ वेळा. मल्टिव्हिटॅमिन गोळी, ओडी, ३० दिवस. एका आठवड्याने दाखवा.

पाच निर्देशकांनुसार ही चिठ्ठी अशी दिसते: औषधं चार, अँटिबायोटिक आहे, इंजेक्शन नाही. आता तीच थेंबागणिक वाचा. पहिल्या थेंबांचा क्रम सहा आठवड्यांचा आहे: ७ × (६+५+४+३+२+१), म्हणजे १४७ थेंब. एका मिलिलिटरला २० थेंब हा ढोबळ हिशोब धरला तर ५ मिलिलिटरच्या बाटलीत १०० थेंब. म्हणजे एक बाटली पुरत नाही, आणि पुरली तरी उघडल्यापासून महिन्याने टाकून द्यायची असते. चिठ्ठीत बाटल्या किती हे लिहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात ४२ आणि दुसऱ्यात ३५ थेंब जातात, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे बाटली आटते, ‘औषध संपलं म्हणजे कोर्स संपला’ असं समजून रुग्ण थांबतो आणि स्टिरॉइड एकदम बंद पडतं. चौथ्या आठवड्यात डोळा पुन्हा लाल होऊन आलेल्या रुग्णाला आधी बाटली कधी संपली हे विचारावं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. स्टिरॉइड हळूहळू कमी करायचं असतं, अँटिबायोटिक नव्हे. ते पूर्ण मात्रेत द्यायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत थांबवायचं. दोन्ही एकाच बाटलीत असल्याने स्टिरॉइडबरोबर अँटिबायोटिकही सहा आठवडे चालतं, आणि शेवटच्या आठवड्यांत दिवसातून दोनदा, एकदा. जिवाणू मरण्याइतकं औषध मिळत नाही, सरावायला पुरेसं मिळतं. एकट्या अँटिबायोटिकचे थेंब दिवसातून ४ वेळा ७ दिवस म्हणजे २८ थेंब झाले असते. इथे १४७ गेले. ‘अँटिबायोटिक: होय’ या रकान्यात २८ आणि १४७ सारखेच दिसतात. म्हणून मिश्रण असलेल्या प्रत्येक ओळीला ‘अँटिबायोटिक एकूण किती दिवस’ हा रकाना जोडाच. पहिल्या आठवड्यानंतर साध्या प्रेडनिसोलोनवर आणल्याची नोंद फेरतपासणीच्या चिठ्ठीत सापडते. तेव्हा शस्त्रक्रियेच्या रुग्णांची पहिली एकच भेट घेऊन न्याय करू नका.

नेपाफेनॅक आणि सीएमसी यांना मुदतच नाही. मल्टिव्हिटॅमिनला निदानाशी संबंध नाही. ‘ओडी’ इथे एकदा या अर्थी आहे, पण ओळीत डोळ्याचा उल्लेख कुठेच नाही, आणि शस्त्रक्रिया उजव्या डोळ्याची. थेंबांच्या ओळींवर ‘उजवा डोळा’ इतकं लिहायला दोन सेकंद लागतात.

थेंबांचा हिशोब आपल्याच औषधालयातल्या बाटल्यांवर करा. प्रत्येक उत्पादनाच्या दोन-तीन बाटल्या घ्या, उभ्या उलट्या धरा आणि सुईविरहित सिरिंजच्या नळीत एक मिलिलिटर भरेपर्यंत थेंब मोजा. २० ते ३५ यांमध्ये काहीही येऊ शकतं. रुग्ण टोक ब्लेडने कापत असेल तर थेंब मोठा पडतो आणि बाटली लवकर संपते. ‘२ थेंब’ असं लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा. पापणीच्या आत साधारण ३० मायक्रोलिटर मावतं, म्हणजे एका थेंबातच जागा भरते. दुसरा थेंब गालावर ओघळतो किंवा नाकात उतरतो, आणि खर्च दुप्पट होतो.

काचबिंदूत हाच हिशोब आयुष्यभराचा. डोळ्याचा दाब कमी करणारं टिमोलॉल दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा म्हणजे रोज ४ थेंब. १०० थेंबांची बाटली २५ दिवसांत संपते. रुग्णाला महिन्याने एक बाटली मिळत असेल तर दर महिन्यात पाच दिवस डोळ्याचा दाब मोकाट असतो. तपासणीत चिठ्ठीवरच्या बाटल्या आणि पुढच्या तारखेपर्यंतचे दिवस यांची सांगड घातली की हे उघडं पडतं.

गट पाडून वाचा

अँटिबायोटिक असलेल्या भेटी २० ते २६.८ टक्के असाव्यात, सरासरी औषधं १.६ ते १.८ असावीत, हे आकडे बहुतेक प्रबंधांत आदर्श म्हणून येतात. शस्त्रक्रिया जास्त करणारा विभाग त्यांच्या वरच राहणार, आणि त्यात दोष नाही. त्याऐवजी भेटींचे गट करा: शस्त्रक्रियेनंतरचे, जंतुसंसर्गाचे, अ‍ॅलर्जीचे, कोरड्या डोळ्याचे, काचबिंदूचे, इजा किंवा कचरा गेलेले, फक्त चष्म्याचे. मग प्रत्येक गटात अँटिबायोटिक किती ते पाहा. डोळे येण्याच्या विषाणूजन्य प्रकारात, अ‍ॅलर्जीत आणि कोरड्या डोळ्यात किती वेळा लिहिलं, तिथेच सुधारणेला जागा असते. रांजणवाडीला शेक आणि पापणीची स्वच्छता हा पहिला उपाय आहे; तिथे किती चिठ्ठ्यांत तो लिहिलेला दिसतो, तेही मोजा.

एक मर्यादा अहवालात जरूर लिहा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन टाकणं आणि शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक देणं, हे संसर्ग टाळणारे महत्त्वाचे उपाय चिठ्ठीवर कधीच येत नाहीत. चिठ्ठ्या पाहून ‘इथे संसर्ग कसा टाळतात’ यावर मत देता येत नाही.

लाल खुणा

या ओळी टक्केवारीत बुडू देऊ नका. एक सापडली तरी त्याच दिवशी वरिष्ठांना दाखवा. भूल देणारे थेंब, म्हणजे प्रोपॅराकेन किंवा लिग्नोकेन, घरी न्यायला लिहिलेले: वेदना थांबते आणि बुबुळ झिजत जातं. हर्पिसचा फांद्यांसारखा व्रण किंवा शेतात ऊस-ज्वारीचं पान लागल्यानंतरचा बुबुळाचा व्रण असताना स्टिरॉइड. कोणत्याही निदानात मुदत न लिहिलेलं स्टिरॉइड, किंवा महिनाभर स्टिरॉइड चालू असूनही डोळ्याच्या दाबाची नोंद नाही. दमेकऱ्याला टिमोलॉल; डोळ्यातलं औषध नाकावाटे रक्तात जातं आणि श्वास लागतो. दोन वर्षांखालच्या मुलाला ब्रिमोनिडिन (दाब कमी करणारे थेंब). मूत्रपिंडाचा आजार किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असताना अ‍ॅसिटाझोलामाइड (दाब कमी करणारी गोळी). चिठ्ठीत दम्याची नोंदच नसेल तर ‘दमा नाही’ असं धरू नका. ‘विचारल्याची नोंद नाही’ हाच निष्कर्ष आहे, आणि तोही मोजायचा.

योग्य-अयोग्य ठरवणं एकट्याने करू नका. दर दहापैकी एक चिठ्ठी दोन जणांनी, त्यांतला एक नेत्रतज्ज्ञ, एकमेकांचं न पाहता तपासावी. जुळणी कप्पाने (योगायोगाने होणारी जुळणी वगळून एकमत मोजणारा आकडा) मोजा. ती ०.६ च्या खाली आली तर डॉक्टरांत दोष शोधण्याआधी आपले निकष सुधारा.

विभागापुढे मांडताना

नावानिशी तक्ता लावू नका. ओपीडी क्रमांक एक, दोन अशी विभागणीही छोट्या विभागात नावासारखीच असते. गटवार आकडे आणि नाव झाकलेल्या चार-पाच चिठ्ठ्या पडद्यावर दाखवल्या की चर्चा आपोआप औषधावर येते. सोबत छापील कार्ड ठेवा: मोतीबिंदूनंतर कोणते थेंब कोणत्या आठवड्यात किती वेळा, उजवा का डावा यांची चौकट, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं, बाटली हलवून घ्या, उघडल्याची तारीख लिहायला रिकामी रेघ. शाळेत न गेलेल्या आजीलाही कळावं म्हणून वेळा सूर्य, जेवणाचं ताट आणि चंद्र अशा चित्रांनी दाखवा, आणि दर बाटलीच्या झाकणाचा रंग त्या ओळीला द्या. स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक यांच्या ओळी कार्डावर वेगवेगळ्या छापल्या की मिश्रणाची सवय बऱ्यापैकी सुटते.

चिठ्ठ्यांची पाहणी, कार्ड सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी, पुन्हा करा, आणि तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. उन्हाळ्यात अ‍ॅलर्जी, पावसाळ्यात डोळे येणं, थंडीत मोतीबिंदूची शिबिरं असा ओपीडीचा रंग बदलत असतो. मेचे आकडे नोव्हेंबरच्या आकड्यांपुढे ठेवले तर फरक कार्डाने पडला का ऋतूने, हे कुणालाच सांगता येणार नाही.